जिभेवरची चिमूट

बाबांनी भातावर डास पळवायचं तेल ओतून घेतलं, कालवलं, पहिला घास तोंडात घातला आणि म्हणाले, "बरं आहे. मीठ तेवढं कमी आहे."

आधी बाबांविषयी सांगते, नाहीतर त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय असं वाटायचं. आमचा मसाल्याचा कारखाना आहे. रोज सकाळी नऊ वाजता बाबा ताज्या दळलेल्या ढिगापुढे उभे राहतात, चिमूटभर मसाला जिभेवर ठेवतात आणि डोळे मिटतात. तोवर कारखान्यातली सतरा माणसं हातातलं काम थांबवून त्यांच्या तोंडाकडे बघत असतात. बाबा "भरा" म्हणाले की पाकिटं भरायला घेतात. त्यांनी मान हलवली तर अख्खा घाणा बाजूला जातो, मग कुणी कितीही डोकं आपटा. बाहेर जेवायला गेलं तरी खोड तीच. टेबलावर जे काही पातळ दिसेल त्यात करंगळीचं टोक बुडवायचं, जिभेला लावायचं आणि आत काय काय आहे ते जाहीर करायचं. लग्नाकार्यात आचारी त्यांना लांबून बघूनच आत सटकतात.

ही जीभ घेऊन आम्ही विमानाने सात तासांवर आलो होतो. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता एका घाऊक व्यापाऱ्याकडे चाचणी होती. तो आठ वाट्यांमध्ये आठ कारखान्यांचे मसाले ठेवणार, नावं झाकून. त्यातला आपला कोणता हे ओळखायचं आणि बाकीच्यांमध्ये काय बिनसलंय ते सांगायचं. जो नीट सांगेल त्याचा माल तो घेणार. बाबांसाठी हा डाव्या हातचा मळ होता. मी सोबत होते ती कागद आणि भाषा सांभाळायला.

आणि मी त्यांच्याशी धड बोलत नव्हते. तीन महिन्यांपूर्वी मी माझा स्वतःचा मसाला केला होता. वर्षभर खपून, एक्केचाळीस वेळा प्रमाण बदलून. बाबांनी चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "यात जीव नाही." बारा किलो मसाला खताच्या खड्ड्यात गेला. तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं.

लॉजवाल्याने कोपऱ्यावरचं थाई हॉटेल सुचवलं. दोन मोठ्या झाडांखाली उघड्यावर टेबलं, खाली खडी, वर दिव्यांच्या माळा. खुर्चीचे पाय खडीत रुतत होते आणि बाबा दर दोन मिनिटांनी डावीकडे कलत होते. ऊन नुकतंच उतरलं होतं, डास सुरू झाले होते. वाढणारी बाई टेबलाटेबलांवरच्या चिमणीच्या दिव्यांमध्ये तेल घालत फिरत होती. आमच्या चिमणीत घालता घालता तिला कुणीतरी हाक मारली. ती बाटली तिथेच, चटण्यांच्या वाट्यांशेजारी ठेवून गेली. बाटलीवर हिरव्या पात्यांचं चित्र होतं आणि आम्हाला न कळणारी अक्षरं.

मी फोनमध्ये तोंड खुपसून बसले होते. बोलायला नको म्हणून, दुसरं काय. बाबांची करंगळी बाटलीच्या तोंडाशी गेली. "गवती चहा," ते म्हणाले. "पाला ताजा वापरलाय." मी मान वर केली नाही. मग त्यांनी दोन चमचे भातावर घेतलं.

त्यानंतर मला वास आला. टेबलाच्या या टोकाला, भपकन. आम्ही लहानपणी झोपताना हातापायांना चोळायचो ते तेल. मी बाटलीकडे बघितलं, चिमणीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. ते शांतपणे चावत होते. मिठाचं वाक्य त्यांनी तेव्हाच म्हटलं.

मी बाटली उचलून हुंगली. तेवढ्यात त्या बाईने लांबून पाहिलं आणि धावत आली. चमचा हिसकावला आणि स्वतःचा तळवा बाबांच्या हनुवटीखाली धरला. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणीसुद्धा न पिणारा माझा बाप त्या परक्या बाईच्या हातावर निमूट थुंकला. मग चुळा, पाणी, पुन्हा चुळा. तिने विषबाधेच्या मदतकेंद्राला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. गिळलं नसेल तर घाबरायचं कारण नाही, पण तासभर लक्ष ठेवा, असं पलीकडून सांगितलं. विषाची भीती ओसरली आणि दुसरीच भीती उभी राहिली.

"बाबा, तुम्हाला वास नाही आला?"

ते रुमालाने ओठ पुसत राहिले.

"चवसुद्धा नाही लागली?"

"नाही," ते म्हणाले. "काहीच लागत नाही."

गेल्या वर्षी ताप आला होता, त्यात चव आणि वास दोन्ही गेलं. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. याला तेरा महिने झाले. तेरा महिने हा माणूस रोज सकाळी नऊ वाजता डोळे मिटून आमच्यासमोर उभा राहत होता. मग "भरा" कशाच्या जोरावर म्हणत होतात, असं मी विचारलं. ते म्हणाले, रंग बघतो, बोटांमध्ये भरड बघतो. आपली माणसं जुनी आहेत, त्यांचा हात चुकत नाही. आणि बाटलीवर गवत दिसलं म्हणून गवती चहा.

आईला माहीत आहे का, हेही विचारलं. तिला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं म्हणे, मीठ दोनदा पडलेली भाजी यांनी बिनतक्रार खाल्ली तेव्हा. एरवी मी हसून लोळले असते. म्हणजे घरात मी एकटीच खुळी.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात तो हिशेब लागला. तेरा महिने. माझा मसाला तीन महिन्यांपूर्वीचा.

"मग माझ्या मसाल्यात जीव नाही," मी म्हणाले, "हे कुठल्या जिभेने सांगितलंत?"

बाईने नवा भात आणून ठेवला आणि बाटली उचलून नेली. बाबा भाताकडे बघत होते.

"जुने मसाले मला पाठ आहेत," ते म्हणाले. "चिमूट ठेवली की चव आठवते. तुझी ठेवली आणि काहीच आठवलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते गं."

मला त्यांचा इतका संताप आला की त्यांच्याकडे बघवेना. एक्केचाळीस वेळा केलेलं काम या माणसाने स्वतःची अब्रू झाकायला खड्ड्यात घातलं. पण त्याहून वाईट गोष्ट मला तिथे त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळली. त्या दिवशी संध्याकाळी मी उरलेला चमचाभर मसाला चाखून बघितला होता आणि मलाही त्यात जीव जाणवला नव्हता. माझी जीभ शाबूत होती. तरी मी त्यांचंच खरं मानलं होतं.

"उद्या तू चाख," बाबा म्हणाले. "मी नुसता शेजारी बसतो."

मी फोन टेबलावर पालथा घातला.

मग त्यांनी भाताची बशी बाजूला सारली आणि फार हळू विचारलं, "कशी होती गं, तुझ्या मसाल्याची चव?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. वर्षभर जिभेवर वागवलेली चव, डोळे मिटून शोधली. मला त्यांचं ते एक वाक्य आठवलं, त्यापलीकडे काहीच नाही. आणि उद्या अकरा वाजता चाखायचं होतं मला.