हेशनच्या डोहातली दोरी

आम्हा गुहांत बुडी मारणाऱ्यांत एक रीत आहे. पाण्याने भरलेल्या गुहेत परतीची वाट सापडावी म्हणून जो दोरी नेतो, त्या दोरीचं टोक त्याचं. तो जिथे थांबला तिथून पुढे दुसऱ्या कुणाला जायचं असेल, तर आधी त्याला विचारायचं. आमच्या गॉर्ट गावाच्या आसपास बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणारी माणसंसुद्धा ही रीत मोडत नाहीत. म्हणून शुक्रवारी आमच्या क्लबातला फिंटन टोपी हातात घेऊन माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, तेव्हाच माझ्या कपाळाला आठी पडली.

"अट्रॅक्टा, डोहाचं पाणी खूप खाली गेलंय. इतका कोरडा जून पुन्हा कधी मिळायचा?"

"मग?"

"तुझ्या टोकापासून पुढे जाऊ का?"

हेशनच्या कुरणामागचा तो डोह म्हणजे माझं माहेर. किती उन्हाळे गेले, त्या चहासारख्या पाण्यात चाचपडत मी दोरी पुढे नेली, दगडाला बांधली आणि हवा संपायच्या आत परत आले. वाट अजून पुढे जात होती. आणि मार्चमध्ये माझ्या कानाचा पडदा फाटला. डॉक्टर म्हणाले, आता पाण्याखाली जाणं बंद, कायमचं. क्लबात मी "यंदा जमणार नाही" एवढंच सांगितलं होतं.

नाही म्हणायचा मला हक्क होता. पण नाही म्हटलं असतं तर मी जळते आहे हे गावभर झालं असतं. जळत तर होतेच.

"जा की. डोह काय माझ्या बापाचा आहे?"

शनिवारी त्याच्या हवेच्या बाटल्या मीच कुरणाच्या दगडी भिंतीवरून पलीकडे दिल्या. रिळावर नवी दोरीसुद्धा मीच गच्च गुंडाळून दिली, कारण त्याची गुंडाळी नेहमी ढिली असते. तो पाण्यात उतरला, बुडबुडे कड्याखाली गेले आणि मग काही दिसेना.

मी काठावर बसून देवाची करुणा भाकत होते. त्याला सुखरूप आण. पण रिकाम्या हाताने आण. पुढे वाळू असू दे, दरड असू दे, वाट बंद असू दे.

शेताची मालकीण, म्हातारी डीलिया हेशन, चहाची किटली आणि हॅमची सँडविचं घेऊन आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गं बये, एरंडेल प्यायलीस का?"

"कान दुखतोय."

"कान दुखला की माणूस असे दात खातो होय?"

फिंटन वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. मुखवटा काढून त्याने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "बंद आहे. तुझ्या टोकाच्या जरा पुढे नुसती वाळू. काही नाही तिथे."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी त्याला चहा ओतून दिला, माझ्या वाटणीचं सँडविचही त्याच्या हातात कोंबलं. "अरेरे," असंही म्हणाले, अगदी मनापासून वाटावं तसं.

मग त्याचे पट्टे सोडवताना कमरेचं रीळ माझ्या हाताला लागलं. ते उघडं होतं. दोरीचा एक वेढासुद्धा उरला नव्हता.

"दोरी कुठे गेली?"

तो मुखवट्यातलं पाणी झटकत राहिला.

"फिंटन, वाळूने खाल्ली का सगळी दोरी?"

"तू यंदा येऊ शकत नाहीस ना," तो हळूच म्हणाला. "म्हटलं, पुढच्या वर्षी तू स्वतः जाशील. तुझं तुला सापडू दे. माझी दोरी मी नंतर गुपचूप काढून आणणार होतो, कुणाला बोलणार नव्हतो."

त्याने वाट बळकावली असती तर मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालून मोकळी झाले असते. हा तर दानधर्म करायला निघाला होता! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"पुढचं वर्ष नाहीये," मी ओरडले. "कळलं? कधीच नाहीये. डॉक्टरने कायमचं सांगितलंय."

डीलियाने किटली गवतात ठेवली. फिंटनच्या हातातलं सँडविच तसंच राहिलं.

"सांग आता," मी म्हटलं. "काय आहे तिथे?"

"अट्रॅक्टा, राहू दे गं."

"सांग म्हणते ना!"

मग त्याने सांगितलं. माझ्या टोकापुढे वाट एकदम खाली उतरते. तिथे पाणी स्वच्छ आहे. भिंती पांढऱ्या. पुढे एवढं मोठं दालन, की दिव्याचा उजेड समोर पोचलाच नाही. दोरी संपली म्हणून तो थांबला. मी एकेक गोष्ट खोदून विचारत होते, तळाला गाळ किती, छत किती वर, आणि त्याचं प्रत्येक उत्तर मला चटका देत होतं. त्याने ते पाहिलं होतं, आणि मी त्याच्या तोंडाकडे पाहत बसले होते.

"त्या दालनाला तुझं नाव देतो," तो म्हणाला. "अट्रॅक्टाचं दालन."

"खबरदार! जिथे मी कधी गेले नाही, तिथे माझं नाव नको."

टोक दुसऱ्याच्या हवाली करायचं तर ते चारचौघांत, तोंडाने बोलून द्यावं लागतं. इथे चारचौघं नव्हती, एक डीलिया होती. ती पुरे.

"डीलिया, ऐकून ठेव," मी म्हटलं. "हेशनच्या डोहातलं टोक आजपासून फिंटनचं. पुढे कुणाला जायचं असेल तर त्याला विचारायचं."

"मला नको," फिंटन म्हणाला.

"घे मुकाट्याने!" मी म्हटलं, आणि मला रडू कोसळलं.