फुलांचा खांब

रविवारी दुपारी आई साड्यांवर खडे चिकटवायला बसली की पंखा बंद करावा लागे. वाऱ्याने खडे उडतात. गोडादऱ्यातल्या आमच्या खोलीत मग आम्ही दोघी घाम पुसत बसायचो. ती बाजारातून कामाला आलेल्या लाल-हिरव्या साड्या घेऊन आणि मी माझा गृहपाठ घेऊन.

रिंगरोडच्या कापड बाजारातल्या एका स्टुडिओत मी साड्यांच्या कॅटलॉगचे फोटो साफ करते. पदराला लावलेल्या टाचण्या, मागचा स्टँड, चुकून आलेला कुणाचा हात, सगळं संगणकावर पुसायचं. त्याच कामात पुढे जावं म्हणून रविवारी सकाळी जाहिरात आणि छायाचित्रणाच्या वर्गाला जात होते. त्या आठवड्यात मासिकांतल्या जाहिराती कापून, त्या काय सांगतात ते लिहून आणायचं होतं.

"काय कापी ऱ्हायनी इतकं?" आईने विचारलं. ती घरात अहिराणीच बोलते.

मी तिला दाखवलं. मोटारीचा फोटो खालून काढला आहे, म्हणून ती डोंगराएवढी वाटते. मिठाईवाल्याने लाल आणि सोनेरी रंग घेतला आहे, कारण तो पाहिला की लग्न आठवतं. टूथपेस्टच्या जाहिरातीतली सून सासूपेक्षा पुढे उभी आहे, कारण पेस्ट तीच विकत घेणार.

"ती सून सकायमां उठीसन दात घासस का लगीनले जास?" आई हसली. "इतली नटेल शे ती."

बाबा गेल्यानंतर ती अशी क्वचितच हसायची. बाबा, म्हणजे हिलाल पाटील, डाइंग मिलमध्ये रंगखात्यात होते. दिवाळीनंतर छातीत दुखण्याचं निमित्त झालं आणि गेले. तेराव्याच्या आत मोठी आई, म्हणजे आमच्या काकू सरलाबाई, आईच्या रंगीत साड्या गाठोड्यात बांधून घेऊन गेल्या. कुणी अडवलं नाही. मीही नाही, मला त्या दिवसांत काही दिसतच नव्हतं.

आईने पुढची जाहिरात उचलली. विम्याची होती. राखाडी खोली, खिडकीतून येणारा फिका उजेड, भिंतीवर हार घातलेला पुरुषाचा फोटो आणि कोपऱ्यात फिकट साडीतली बाई.

"हाई काय सांगस?"

मी वर्गात शिकवल्याप्रमाणे सांगितलं. "बाईला मुद्दाम कोपऱ्यात बसवलंय, आई. रंग काढून घेतलेत. तिला बघून माणसाला भीती वाटावी, आपल्या घरी असं होऊ नये असं वाटावं, म्हणून. फोटोत जे असतं ते सगळं काही ना काही बोलत असतं."

आईने ती जाहिरात जरा वेळ धरून ठेवली. मग माझ्या वहीवर ठेवली आणि पुन्हा खडे चिकटवू लागली.

वैशाखात माझ्या धाकट्या भावाचं, धर्मेंद्रचं लग्न होतं. मुलगी डिंडोलीची, मयुरी. आईच्या जागी सगळे विधी मोठी आई करणार हे कुणी ठरवलं नाही, ते ठरलेलंच होतं. हळद ती लावणार, सुनेला ओवाळून घरात ती घेणार. मी भांडले. काका म्हणाले, "रीत आम्ही काढली का बेटा?" धर्मेंद्र मान खाली घालून बसला. शेवटी मी त्याला एवढंच म्हटलं, "विधी राहू दे. स्टेजवर आईबरोबर तुझा एक फोटो पाहिजे. एकच."

"होईल ताई. मी सांगतो फोटोग्राफरला."

हळदीच्या दिवशी आई स्वयंपाकाच्या मांडवात होती. मंगलाष्टकांच्या वेळी ती हॉलच्या मागच्या दाराशी होती. मी दोनदा तिला घेऊन स्टेजपर्यंत आले. पहिल्यांदा मोठ्या आईने हळूच माझा दंड धरला, "आते नको. सप्तपदी व्हई जाऊ दे." दुसऱ्यांदा मी मागे वळून पाहिलं तर आई नव्हती. जेवणाच्या पंगतीत वाढत होती.

"तुला वाढायला कुणी सांगितलं?"

"लोके भुक्या शेत," ती म्हणाली आणि पुढे गेली.

वरातीच्या आधी सगळं घर स्टेजवर गोळा झालं, तेव्हा मी तिला अक्षरशः ओढत नेलं. ती टोकाला, धर्मेंद्रच्या बाजूला उभी राहिली. पदर डोक्यावरून पुढे घेतला होता. फोटोग्राफर अमोल कॅमेऱ्याआडून जरा थांबला, आईकडे पाहिलं, मग बटण दाबलं. मला वाटलं, झालं. एक फोटो झाला.

महिन्याभराने अल्बमची पानं मंजुरीसाठी धर्मेंद्रच्या मोबाइलवर आली. तो चहा पिता पिता दाखवत होता, मयुरी त्याच्या खांद्यावरून बघत होती. पानभर पसरलेला घराचा फोटो आला. मोठी आई, काका, मी, मयुरी, धर्मेंद्र. धर्मेंद्रच्या बाजूला झेंडू आणि मोगऱ्याचा एक उंच खांब.

स्टेजवर दोन खांब होते. फोटोत तीन होते.

मी मोबाइल हातात घेऊन तो भाग मोठा केला. काम सफाईदार होतं. डावीकडच्या खांबाची नक्कल करून ती उजवीकडे बसवली होती. सावलीसुद्धा जुळवली होती. हेच काम मी रोज करते, त्यामुळे जोड कुठे आहे ते मला दिसलं. खांबाच्या तळाशी आईच्या चपलेचं टोक राहून गेलं होतं.

"हे कुणी केलं?"

धर्मेंद्रने पाहिलं. "अल्बमवाल्याने केलं असेल."

"का?"

मी ते पान माझ्या मोबाइलवर पाठवून घेतलं. मयुरी कप घेऊन आत गेली.

अमोलचं दुकान लिंबायतमध्ये आहे. मी पोचले तेव्हा तो कुणाच्या तरी बारशाचा व्हिडिओ जोडत होता. माझ्या हातातला फोटो पाहून त्याने खुर्ची पुढे सरकवली.

"ताई, रागावू नका. माझ्या मनाने नाही केलं मी ते."

"मग कुणाच्या? सरलाबाईंनी सांगितलं? मयुरीच्या घरच्यांनी?"

"पुष्कळ घरवाले सांगतात, ते खरं. शुभ शॉटमध्ये कोण नको, ते आधीच सांगून ठेवतात. आमचं कामच आहे ते. कोणी मध्ये आलं तर कॅमेरा फुलावर न्यायचा, दिव्यावर न्यायचा." त्याने व्हिडिओ बंद केला. "पण तुमच्याकडून कोणी नाही सांगितलं. मांजी, म्हणजे तुमच्या आई, स्वतः आल्या होत्या. हळदीच्या आधी. म्हणाल्या, माझी पोरगी मला ओढून आणेल. तिला नाही म्हणू नको, फोटो काढ. मग नंतर मला काढून टाक."

मी घरी आले. आई खडे चिकटवत होती. पंखा बंद होता. मी तिच्यासमोर बसले. फोटो पुढे ठेवला.

तिने तो पाहिला. "चांगला करेल शे अमोलनी. माले वाटनं, दिसी जाईन."

"आई, काब्र?" का म्हणून, असं विचारताना इतक्या वर्षांनी माझ्या तोंडी तिची बोली आली.

"तूच सांगं ना. फोटोमा जे ऱ्हास ते बोलस. माले देखी लोकेस्ले काय वाटीन? भेव वाटीन. हऊ धर्माना लगीनना फोटो शे. त्यामा भेवनं काय काम?"

"ती विम्याची जाहिरात होती. ती विकण्यासाठी काढलेली असते."

"हऊ बी लोकेस्ले दखाडालेच काढतस ना?"

मी वर्गात शिकलेलं सगळं आठवून पाहिलं. फोटो खोटं बोलू शकतो, बघणाऱ्याच्या मनात जे आधीच असतं तेच त्याला फोटोत दिसतं, असं काहीतरी मी म्हणाले. तिने मान हलवली, जणू हेच तिला म्हणायचं होतं.

"त्यास्ना मनमां शे ना ते? मंग? उद्या सूनले पोर व्हयनं नही, धर्माले काही दुखनं, तर लोके हऊ फोटो काढतीन. म्हनतीन, दखा, माय उभी शे बाजूले. तू काय सगळास्ना घर जाईसन समजाडशी?"

"अमोलकडे मूळ फोटो आहे. तो परत बसवून देईल. मी सांगते त्याला."

तिने डिंकाची बाटली बंद केली. माझा हात धरला. तिच्या बोटांना डिंक होता, तो माझ्या मनगटाला चिकटला. "नको सांगू. मन्हा जीवले चैन पडाव नही. तुना बाप ऱ्हाता तर मी मधोमध उभी ऱ्हाती. आते नको."

रात्री धर्मेंद्रला सगळं सांगितलं. "तिला नको असेल तर मी काय करू, ताई?" असं म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर दुःखाबरोबर सुटकाही दिसली. तो वाईट मुलगा नाही. दर महिन्याला आईची औषधं तोच आणतो. अल्बम छपाईला गेला.

वर्गाच्या शेवटच्या रविवारी प्रत्येकाने एक फोटो आणून पडद्यावर दाखवायचा होता. बाकीच्यांनी तो वाचायचा. मी अल्बमचं ते पान दाखवलं. मुलं हुशार आहेत. एक म्हणाला, लाल रंग जास्त आहे, त्यामुळे मंगल वाटतं. एकीने सांगितलं, नवरदेव-नवरीच्या शेजारी वडीलधारे, म्हणजे घराचा आधार. सरांनी मांडणीचं कौतुक केलं. उजवीकडचा खांब तोल सांभाळतो, असं म्हणाले.

मी वाट पाहत उभी राहिले. नवरदेवाची आई कुठे आहे, असं कुणी विचारेल म्हणून. कुणी विचारलं नाही. मग पुढच्या मुलाचा फोटो आला.

तुमच्याही घरी लग्नाचा अल्बम असेल. तो काढा. घरात नवरा गेलेली आई, आत्या, बहीण असेल तर ती कुठल्या पानावर आहे ते बघा. कुठेच सापडली नाही, तर फोटोग्राफरला दोष देऊ नका. ती बहुधा शेजारच्याच खोलीत असेल. तिच्याजवळ जाऊन बसा, आणि तिला फोटोतून बाजूला व्हायला आपण कधी, कसं शिकवलं ते तिच्याच तोंडून ऐका. मी ऐकलं. मला अजून तिला फोटोत परत आणता आलेलं नाही.