विकंपर्यंत चालणारं हेड

कोगनोळीत युवराजच्या दारात त्यानं विकायला काढल्याली जुनी डिझेल गाडी, बॉनेट उघडं, आन् माझी भाची दिव्या माझ्या तोंडाकडं बघत उभी. पोरीला बेळगावच्या एका दवाखान्यात नोकरी लागलीया. सोमवारपास्नं निपाणीतनं रोज जायचं-यायचं, वाटंत तवंदीचा घाट. आमच्या घरात गाडी कुणीबी घेऊ दे, गोमटेशमामा, म्हंजे मी, व्हय म्हटल्याशिवाय इसार द्यायचा न्हाय. तीस वर्सं गॅरेज चालवतोय, उगंच न्हवं.

"सा वर्सामागं कागलच्या एका माणसाकडनं घेतली," युवराज म्हणाला. "इंजन कधी खोललं न्हाय बगा मामा."

मी दिव्याला टॉर्च धरायला लावली. लोक नुसता ब्लॉकवरचा नंबर बघत्यात, आरसी बुकाशी जुळला की खुश. पर ब्लॉक म्हंजे इंजनाचं धड, त्याच्यावर हेड बसतंय, आन् दोन्हीवर ओतल्याचं साल असतंय. ब्लॉकवर अकरा होतं. हेडवरचं तेल फडक्यानं पुसलं, तर सात! बोल्टांच्या कडाबी पान्यानं खाल्ल्याल्या.

माझं डोस्कं फिरलं. "गाडी जन्मायच्या आधीचं हेड हिच्यावर कुठनं आलं रं? पोरगी बघून फसवतोस व्हय?"

"आईशप्पथ मामा, मला म्हाईत न्हाय."

"चोराच्या उलट्या बोंबा! घाटात हेड फुटलं म्हंजे कोण जबाबदार?"

शेजारपाजारची माणसं बाहीर आली. युवराजची बायको दारात येऊन मान खाली घालून उभी ऱ्हायली. मला आनकी चेव आला. असलं भंगारातलं हेड वेल्डिंग मारूनच बसवत्यात; ते कुठं केलंय ते दिव्याला दावावं म्हणून हेडच्या मागल्या कोपऱ्यावर हात फिरवला, आन् अंगठ्याला तीन खाचा लागल्या. कानशीनं मारल्याल्या, आडव्या.

माझ्या हातनं गेलेल्या हेडवर त्या मीच मारतो. उद्या कुणी भांडायला आलं तर वळखू यावं म्हणून.

च्यायला. सगळं आठवलं. कागलचा माणूस म्हणालता, "नुसती विकंपर्यंत चालली पायजे." मी म्हणालतो, "जमतंय की." भंगारातनं चिरलेलं हेड आणलं, वेल्डिंग मारलं, बसवलं.

'नको ही गाडी' म्हणून निघून गेलो असतो तर कुणाला कळणार होतं? पोरगी वाचली असती, माझं नावबी वाचलं असतं. पर त्यो युवराज सगळ्यांम्होरं खोटा ठरून उभा होता. शेवटी दिव्याम्होरंच बोललो.

"युवराज, तुझी चूक न्हाय. हे हेड मीच बसवलंय. त्या माणसाला गाडी विकायची हुती म्हणून."

युवराजची बायकोच बोलली. "दोनदा घाटात बंद पडली, लेकरं आत हुती. आमाला वाटलं, आमच्याच नशिबाचा दोष."

"मी दुसरं हेड घालून देतो, आजच्या आज," मी घाईघाईनं म्हणालो.

दिव्यानं हातातली टॉर्च बंद केली. लहानपणापास्नं माझ्या शब्दावर डोळं झाकून विश्वास ठेवणारी पोरगी ती.

"मामा," ती हळू म्हणाली, "गाडी घेताना ह्यांना कुणी मामा नव्हता, व्हय?"