तिसऱ्या भोकामागे

साहेब, माझ्या बहिणीला तुम्ही मारलंत. मुलुंडच्या आमच्या चाळीत वीज आली, तेव्हा भिंतीतल्या प्लगच्या तिसऱ्या भोकावर बोट ठेवून, जोडणी तपासायला आलेल्या तुम्हीच सांगितलंत, "ही अर्थिंग. शेगडीच्या पत्र्यात करंट उतरला तर तो इथून जमिनीत जाईल. माणूस वाचेल."

सुलक्षणाने विश्वास ठेवला. मोरीपाशी ओल्या पायांनी उभी राहून ती विजेच्या शेगडीवरचं पातेलं उतरवायला गेली आणि पत्र्याला चिकटली. दोनशे तीस व्होल्ट. तिचा नवरा लवू ओढायला धावला, तो भिंतीवर आपटला. मी पाट मारून वायर उपटली, तोवर तिच्या तळहाताचा कोळसा झाला होता.

स्मशानातून येऊन लवूने पहार उचलली. चाळीचा मालक दारात आडवा आला. "खबरदार, भिंत माझी आहे!"

"भिंत तुजी, मगे बायल कोणाची होती रे?" म्हणत लवूने पहार त्याच्या जबड्यावर हाणली. दात रक्तासकट उंबऱ्यावर पडले. मग त्याने प्लग फोडला. दोन भोकांमागे वायरी होत्या. तिसऱ्यामागे नुसता चुना.

लवू कोठडीत आहे. तुम्ही मोकळे फिरताय. जोडणी पास करताना तो प्लग उघडून बघितला होतात का? हो की नाही, बोला.