झोपबाबांची रांग

संध्याकाळी सहाला सभागृहाच्या दाराशी चाळीसेक आया उभ्या असत, प्रत्येकीच्या कडेवर रडून लाल झालेलं बाळ. आठपर्यंत तीच बाळं आईच्या खांद्यावर मान टाकून, गाढ झोपून बाहेर पडत. मधल्या वेळात झोपबाबा त्यांच्या कपाळाला बोट लावत. बस, एवढंच. गर्दी थक्क.

माझी धाकटी बहीणही त्या रांगेत होती. ती शिवणकामाच्या कारखान्यात मशीनवर बसते. तिची सात महिन्यांची मुलगी टिल्ली वेळीअवेळी जागी, त्यामुळे हिच्या डोळ्याला डोळा नाही. एकदा पेंगताना सुई बोटात घुसली. तिने झोपबाबांचं नाव काढलं तशी मी थट्टा करू लागलो, तर म्हणाली, "दादा, मला झोप हवी आहे. थट्टा नंतर कर." मी घड्याळं दुरुस्त करतो, त्या दिवशी दुकान लवकर बंद करून तिच्यासोबत गेलो.

दाराशी बाळांचं अंग कोमट पाण्याने पुसत. "देहशुद्धी," शिष्य म्हणाला. आत मंद दिवा, पंख्याची घरघर, आणि दुसरा शिष्य एकाच संथ चालीत तेच चार शब्द आळवत होता. बाळाला पोटभर पाजायचं आणि बाबा येईपर्यंत तासभर गप्प बसायचं.

आमचा नंबर पहिला. पण टिल्ली बसमध्ये भरपूर झोपून आली होती, टक्क जागी. बाबांनी बोट टेकवलं. "निद्रालहरी उतरत आहेत. विश्वाच्या पाळण्याची दोरी माझ्या हाती आहे."

टिल्लीने विश्वाची दोरी सोडून बाबांची दाढी धरली आणि खदखदून हसली.

"हिच्या लहरी जुळत नाहीत," बाबा दाढी सोडवत म्हणाले. "मागे बसवा."

मागे बसून बहीण नीट बघू लागली. जे बाळ जागं, त्याच्या लहरी जुळत नव्हत्या; त्याची रवानगी मागे. पेंगणाऱ्यालाच बोट. आमची पाळी पुन्हा आली तोवर टिल्ली जांभया देत होती. बोट लागलं, ती झोपली.

बहीण जागची हलली नाही. "बाबा, ही बोटाआधीच झोपत आली होती."

"श्रद्धा ठेव, बाई."

"ठेवते. उद्या सकाळी दहाला, झोप झालेल्या बाळाला बोट लावाल?"

"सकाळी लहरी विश्रांती घेतात."

मागे कुणालातरी हसू फुटलं. बहीण बायकांकडे वळली. "अंग पुसलं, पाजलं, दिवा मंद केला, तेच गाणं ऐकवलं, तेही रोज त्याच वेळी. बोट सोडलं तर यातलं काय आपल्या घरी नाही?"

दुसऱ्या दिवसापासून तिने हेच घरी सुरू केलं. पहिल्या संध्याकाळी टिल्ली पाऊण तास रडली, दुसऱ्या दिवशी त्याहून कमी. आठवड्याभरात गाणं दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत डोळे मिटू लागले. दात येताना सगळं पुन्हा विस्कटलं, मग पुन्हा बसलं. एकीचं बघून दुसरीने केलं आणि सभागृहातली रांग दाराच्या आत मावू लागली.

बाळ झोपतं ते ठरलेल्या वेळेच्या आणि ठरलेल्या क्रमाच्या सवयीने. तरीही नाहीच झोपलं तर डॉक्टरांना विचारा. आणि कुणी चमत्कार करताना दिसला, तर त्याच्या बोटाकडे बघू नका; बोट लावण्याआधी तो तुमच्याकडून काय काय करून घेतो, ते बघा.