डॉन एवारिस्तोचं नाक

"आपू, आपले ते स्पॅनिश पूर्वज, डॉन एवारिस्तो... ते खरं म्हणजे चर्चमधले पाद्री होते का हो?"

विचारून टाकलं एकदाचं! मारिफे आणि जोसलिन, माझ्या वर्गातल्या दोघी, आठवडाभर मागे लागल्या होत्या, "रोवेना, तू फक्त आमच्यासमोर फुशारक्या मारतेस, आजीसमोर शेपूट घालतेस." म्हणून विचारलं. आणि विचारलं ते कधी, तर सान रोके या संताच्या सणाच्या दिवशी, अंगणातल्या लांबलचक टेबलावर, चाळीस पाहुण्यांत, आमच्या पॅरिशचे फादर सेल्सो बरोब्बर आपूच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, शेजारी बसलेले असताना. फादरांच्या घशात बेदाणा अडकला. जोसलिन टेबलाखाली गेली. चमचा पडला म्हणाली, पण चमचा तिच्या हातातच होता.

माझ्या आईने, म्हणजे इमाने, डोळे मिटून क्रुसाची खूण केली. तातांग, माझे बाबा, ताटाकडे असे बघत बसले की जणू भाताची शितं मोजायचं काम त्यांच्याकडेच आहे.

प्रश्न मैत्रिणींचा असला तरी पोटातलं दुखणं माझं होतं. आमच्याकडे सणाचा भात अंगणात मोठ्या काहिलीत शिजतो. चिकट तांदूळ, नारळाचं दूध, हळद, कोंबडी, वरून केळीची पानं. अख्ख्या गल्लीत हाच भात शिजतो आणि अख्खी गल्ली त्याला ब्रिंगे म्हणते. आमच्याकडे मात्र त्याचं नाव 'वालेन्सियाना', कारण तो म्हणे डॉन एवारिस्तोंनी थेट स्पेनहून आणला. काहील कुणी सांभाळायची, तर ज्या मुलीला डॉनचं सरळ नाक आलंय तिने. आपूला आलं, माझ्या आत्याला आलं, आणि आता आत्याची मुलगी ग्वेन तेच नाक घेऊन फिरते. आपूचा खांदा गेल्या वर्षी निखळला, तेव्हा यंदा जेवणं झाली की लाकडी उलथणं ग्वेनच्या हाती जाणार, हे ठरलेलं. मी तीन वर्षं आपूच्या बाजूला उभी राहून धूर खाल्ला, पण माझं नाक इमावर गेलंय. लहानपणी इमा रोज सकाळी ते चिमटीत धरून ओढायची, वाढेल या आशेने. वाढले ते फक्त कान, कारण मी पळाले की ती कान धरायची.

"कुणी शिकवलं तुला हे?" आपूने विचारलं.

"कुणी नाही. भिंतीवरच्या फोटोत ते डॉन काळ्या कोटात आहेत, पण त्यांचं लग्न, बायको, काहीच कसं कुणी सांगत नाही?"

"तो फोटो," आपू म्हणाली, "मी आंगेलेस शहरातल्या बाजारातून आणला. चौकट चांगली होती. आतला माणूस कोण, देव जाणे."

आता तातांगनी मान वर केली. "आई! मी त्या फोटोला चाळीस वर्षं नमस्कार करतोय!"

"कर की. तुझं काय गेलं?" आपू पाणी प्यायली, फादरांकडे वळली आणि म्हणाली, "फादर, तुम्ही कान बंद करा. होता पाद्री. माझ्या आजीचा बाप. जाडा होता, घोरायचा, आणि अंडंसुद्धा उकडता येत नव्हतं त्याला."

"मग भात?" मी विचारलं.

"भात बासिलियाचा. त्याच्या मठात रांधायला होती. तो म्हणायचा मला माझ्या गावचा केशरी भात हवा. इथे केशर कुठलं? तिने हळद घातली, माडाचा नारळ पिळला, पान झाकलं. तो खाऊन म्हणाला, हाच तो वालेन्सियाना. ती मनात म्हणाली असेल, तुझं डोकं."

"आणि पोरगी झाली," मारिफे हळूच म्हणाली, तर अख्खं टेबल हसलं. फादर सेल्सोसुद्धा रुमालाआड.

मी मात्र उठले. "मग नाक त्याचं आणि भात तिचा, तर काहील नाकावरून का देतो आपण?"

"काय बाई तोंड सुटलंय!" आत्या म्हणाली. "ग्वेन, तू काही बोलणार की नाही?"

ग्वेन फोनमध्ये मारिफेचं हसणं टिपत होती. पहिल्या काहिलीतला भात ताटांत आला होता; दुसरी काहील तिच्या भरवशावर चुलीवर होती आणि ती टेबलापाशी होती.

तेवढ्यात मला वास आला. धुराचा नाही. खाली खरपुडी धरते ना, सोनेरी, कुरकुरीत, तिचा गोडसर वास. या वासानंतर शंभर मोजेपर्यंत लाकडं ओढली नाहीत, तर खालचा थर कोळसा आणि वरचा भात कडू. मी धावले. सणाचा नवा झगा, पायात पांढरे बूट, कशाचाच विचार नाही. तिन्ही जळती लाकडं बाहेर ओढली, निखारे पसरले. पान मात्र उचललं नाही, उचललं की वाफ जाते. पान उचलायची घाई मी केलेली नाही, हे कृपया लक्षात घ्यावं.

सगळे मागोमाग आले. आपूने चांगल्या हाताने पान सारलं, उलथणं तळापर्यंत घातलं आणि खरपुडीचा एक तुकडा अखंड वर काढला. सोन्यासारखा. तिने तो फादरांच्या तोंडात कोंबला. नुसता कुर्रकुर्र आवाज.

"तुला कुणी सांगितलं?" आपूने मला विचारलं.

"वास आला."

"ग्वेन, तुला आला?"

"आपू, मला सर्दी झालीय," ग्वेन म्हणाली. मग हसली. "खरं सांगू? मला धुराने शिंका येतात. मला नकोच आहे ते उलथणं. मला कुणी विचारलंच नाही."

आपूने माझं नाक न्याहाळलं. मग तिने हळदीचं बोट त्याच्या शेंड्यावर दाबलं. "बासिलियाचं असंच असणार," ती म्हणाली. "सरळ नाकाने पोरगी दिली, पण भात काही त्याने वासावर काढला नाही."

उलथणं माझ्या हातात आलं. वाटलं होतं त्यापेक्षा खूप जड होतं.

इमा धावत आली ती माझा झगा बघायला. चार ठिकाणी जळला होता. सवयीने तिचा हात माझ्या नाकाकडे गेला, काजळी पुसायला की ओढायला, ते तिलाच माहीत. मी उलथणं मधे धरलं.

"इमा, तातांग, दोघांनी ऐका. पुढच्या वर्षीपासून काहील मी सांभाळणार आणि या घरात त्याला ब्रिंगे म्हणायचं. आणि नाक ओढणं आजपासून बंद. मला ते असंच लागणार आहे."