गाण्याखालचं बोलणं

"अगं, आवाज कमी कर. माणूस बोलतंय."

आईचं हे वाक्य मी बोलायला शिकायच्याही आधी ऐकलं असणार. स्वयंपाकघरातल्या फळीवर रेडिओ असायचा आणि त्याचं बटण आईच्या ओल्या हातांनी इतकं गुळगुळीत झालं होतं, की त्यावरचे आकडे केव्हाच पुसले गेले होते. गाणं कितीही आवडीचं असो, घरात कुणी तोंड उघडलं की तिचा हात बटणाकडे जायचा. बंद नाही करायची. पाहुणा आला की पोराला मांडीवरून उतरवून शेजारी बसवावं, तसं ती गाण्याला खाली बसवायची. बोलणं संपलं की पुन्हा वर. हात कणकेचे असले तर कोपरानं. आणि स्वतःच जुळवलेल्या दोन ओळी पुटपुटायची:

आधी माणसाचा बोल, मागून गाणं,
गाण्याचं काय बाई, उद्याही येणं.

हे सगळं खरं तर बाबांसाठी होतं. बाबा एकतीस वर्षं पत्रे ठोकायच्या मशीनवर होते. त्या मशीननं आधी त्यांचे कान नेले, मग आवाज चढवला. स्वतःचंच ऐकू येईना, तसे ते ओरडून बोलायला लागले. कारखान्यात त्यांना 'तोफ' म्हणायचे. शेजारच्या काकू म्हणायच्या, तुमच्या घरातलं गुपित आम्हाला विचारा, तोफेची कुजबूज चौथ्या दारापर्यंत येते. आई हसायची. हसताना एक हात बटणावर असायचा.

पुढे नेमकं हेच माझ्या पोटापाण्याचं काम झालं. मी व्हिडिओ एडिट करते. लग्नं, वाढदिवस, शाळांचे कार्यक्रम, दुकानांच्या जाहिराती. पडद्यावर वर चित्रांची पट्टी, तिच्याखाली बोलण्याची, त्याच्याखाली गाण्याची. माणूस बोलायला लागला की गाण्याच्या पट्टीवरची रेघ ठिपके देऊन खाली ओढायची, बोलणं संपलं की अलगद वर आणायची. एकदम ओढली तर कानाला ठेच लागते. पहिल्या शब्दाच्या अर्धा सेकंद आधीच गाण्यानं काढता पाय घ्यायला हवा, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतही नाही की कुणीतरी त्याच्यासाठी जागा करून दिली. हल्ली हे आपोआप होतं. बोलण्याची चाहूल लागली की गाणं आपलं आपण मान खाली घालतं. माझ्या मशीनला आईचा हात फुटला, असं मी सगळ्यांना सांगायचे.

चार वर्षांपूर्वी बाबा निवृत्त झाले. दादानं हॉल घेतला, कारखान्यातली माणसं बोलावली आणि दहा मिनिटांचा व्हिडिओ माझ्यावर सोपवला. हसतंखेळतं ठेव, रडगाणं नको, असं दोनदा बजावलं. मी सगळ्यांकडून दोन-दोन वाक्यं बोलवून घेतली. आई काही बधेना. माझं काय त्यात, म्हणायची. शेवटी एका दुपारी खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती बोलली. अकरा सेकंद. छान हसत बोलली. पण जे बोलली, ते हॉलमध्ये बाबांच्या साहेबांसमोर लावावं असं मला वाटलं नाही.

चेहरा मात्र टाकवेना. इतकी सुंदर ती कुठल्याच फोटोत आली नव्हती. म्हणून चेहरा ठेवला. मशीननं सवयीप्रमाणे गाणं खाली नेलं होतं, ते मी बंद केलं आणि रेघ हातानं वर ओढली. कडवं जिथे चढतं, ती जागा बरोबर त्या अकरा सेकंदांवर बसवली.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. आई पहिल्या रांगेत होती, मी तिच्या बाजूला. पडद्यावर तिचे ओठ हलायला लागले, तसा तिचा उजवा हात मांडीवरून जरासा उचलला गेला. फळीवरच्या बटणाकडे जायचा, तसाच. मग परत मांडीवर आला. घरी येताना मी म्हटलं, मशीनचं काही सांगता येत नाही गं, गाणं आपोआपच वर गेलं. ती म्हणाली, "असू दे. गाणं छान होतं."

आमच्या धंद्यात रीत आहे. गिऱ्हाईक 'छान' म्हणालं, की आठवड्यानं मूळ चित्रण पुसून टाकायचं, पुढच्या कामाला जागा लागते. आई छान म्हणाली होती. मी पुसलं.

गेल्या वर्षी आई गेली. शेवटचे वीस दिवस दवाखान्यात होती. पहिल्याच दिवशी नर्सनं बाबांना दम दिला, आजोबा, हळू बोला, बाकीचे पेशंट दचकतात. बाबांनी तेव्हापासून बोलणंच सोडलं. वीस दिवस नुसते तिचा हात धरून बसले. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. ते बघून माझ्या जिभेवर यायचं आणि मी गिळायचे. आई काय बोलली होती ते सांगायचं, तर गाण्याचंही सांगावं लागलं असतं.

परवा बाबा माझ्या खोलीवर आले. कानात नवं मशीन होतं, दादानं घेऊन दिलेलं. जिना चढून दमले होते. पंख्याचा आवाज होतो हे त्यांना आत्ताच कळलं होतं आणि ते त्याच्याकडे नवलानं बघत होते. मग खुर्ची माझ्या खुर्चीला भिडवून बसले आणि म्हणाले, तो व्हिडिओ लाव, आईचा तुकडा, आणि गाणं काढून दे.

मी लावला. समजावून सांगितलं, की आता बोलणं आणि गाणं एकाच पट्टीत मुरलंय, पिठात मीठ मिसळावं तसं. तरी त्यांच्यासमोर प्रयत्न करून दाखवला. गाणं वेगळं करायचं एक साधन आहे, ते चालवलं. आईचा आवाज आला तो विहिरीच्या तळातून आल्यासारखा, बुडबुड्यांचा, शब्दच नसलेला. बाबांच्या कानातलं मशीन शिट्टी वाजवायला लागलं. मी घाईनं थांबवलं. माझ्यानं ते पुन्हा ऐकवलं नसतं.

"मग तूच सांग," ते म्हणाले. त्यांच्या नेहमीच्या आवाजात, खालच्या दुकानापर्यंत जाईल असं. "चित्रण तू केलंस. तू ऐकलंयस. काय म्हणाली ती?"

काहीही सांगता आलं असतं. संसाराचं सोनं झालं म्हणाली, असं सांगितलं असतं तरी कोण पडताळून बघणार होतं? ते वाक्य आता साऱ्या जगात माझ्या एकटीच्या डोक्यात उरलं होतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांब. अर्धं मला माहीत आहे."

मग सांगायला लागले. मशीनवर कुणाला कुणाचं ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे ओठ वाचायला शिकायचे. पलीकडच्या रांगेतला माणूस काय शिवी देतोय, तेही ओठांवर दिसायचं आणि तिथूनच उलटी शिवी जायची. हॉलमध्ये आई पडद्यावर आली, तेव्हा गाण्याची त्यांना अडचण नव्हतीच. त्यांना गाणंही धड ऐकू येत नव्हतं. त्यांनी सरळ तिचे ओठ वाचले होते.

"यांनी मला एकदाही विचारलं नाही, तुला काय हवं म्हणून," बाबा म्हणाले. "हसत म्हणाली. पण म्हणाली."

पडद्यावर आई थांबली होती, हातात अर्धी घडी घातलेली चादर.

पुढे ती चादर ठेवायला वळली, त्यांनी सांगितलं. तोंड भिंतीकडे गेलं. बोलत होती, खांदे हलत होते, पण ओठ दिसत नव्हते. "चार वर्षं मी अर्ध्या वाक्यावर बसलोय. तिला विचारायला हवं होतं, पण विचारायचीच सवय नव्हती. आणि भीतीही वाटायची. पुढे याहून वाईट असलं तर?"

म्हणजे मी ते गाणं चढवलं होतं ते यांना बोल लागू नये म्हणून, आणि बोल तर यांना लागलाच होता. गाण्याखाली गेलं होतं ते फक्त उरलेलं. मी माझ्या हातांकडे बघत राहिले.

"वाईट नाही बाबा," मी म्हटलं. "वळली, चादर ठेवली आणि म्हणाली, 'विचारलं असतं तर सांगितलं असतं. लग्न झालं तेव्हा हे किती हळू बोलायचे, मशीनवर जायच्या आधी. कानाशी येऊन. तसं एकदा बोला, म्हटलं असतं. बाकी काही नको.'"

बाबांनी कानातलं मशीन चाचपलं, ते चालू आहे ना हे बघायला. मग पडद्याकडे वळले. पंखा फिरत होता. आणि कुणीतरी बोललं, इतकं हळू, की खोलीत तिसरं माणूस आहे असं मला क्षणभर वाटलं.

"मग हे त्या दिवशीच का ऐकू आलं नाही गं कुणाला?"

ते बाबा होते. हा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. आईनं शेवटचा कधी ऐकला होता, कोण जाणे.

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली, त्यांना माझे ओठ नीट दिसतील अशी.

"आईला मी म्हटलं होतं, मशीननं गाणं वर नेलं. मशीननं नाही केलं बाबा. गाणं आपोआप खालीच जातं. वर न्यायला हात लागतो. तो माझा होता. आणि दवाखान्यात ती तुमच्या तोंडाकडे बघत होती, तेव्हा ती कशाची वाट बघतेय हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."